विंगेतून न दिसलेला चेहरा

चैत्रातल्या दुपारी तीनच्या सुमारास आमच्या नेरूळच्या घरात पडदे ओढून घेतले, की खोलीभर एक फिकट तांबूस अंधार उतरतो. सकाळी भाजलेल्या सुकटीचा वास अजून स्वयंपाकघरात रेंगाळत असतो, खाडीला ओहोटी असेल तर खिडकीच्या फटीतून चिखलाचा खारट दर्प त्यात येऊन मिसळतो, आणि या दोन वासांच्या मधोमध, सोफ्यावर, माझे वडील आणि मी एखादा सिनेमा बघत बसलेलो असतो. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी ते शिरवण्याच्या घरी न्हाणीत पाय घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि आई गेल्यावर रिकाम्या झालेल्या त्या घरात त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं म्हणून मी त्यांना माझ्याकडे, नवव्या मजल्यावर, घेऊन आले. ऐरोलीतल्या माझ्या कंपनीचं काम मी बहुतेक दिवस घरूनच करते. पहाटे सुरू झालेली पाळी दोनला संपते आणि मग उरलेल्या दुपारचं काय करायचं हा प्रश्न आम्हा दोघांपुढे रोज नव्याने उभा राहतो. दादांना लिफ्टने खाली जायचा कंटाळा आणि मला त्यांना सोडून कुठे जायचा धीर नाही. म्हणून सिनेमे.

सिनेमा बघताना मी गप्प बसू शकत नाही, हा माझा जुना दुर्गुण. ज्या भव्य चित्रपटासाठी लोक चित्रगृहात उभे राहून टाळ्या वाजवत होते, तो मला पहिल्या वीस मिनिटांतच असह्य झाला, कारण त्यात नायक काही करतच नाही, नुसता चालत येतो आणि त्याच्यामागे धूळ उडते. त्याउलट एका कुणालाच न आठवणाऱ्या छोट्या चित्रपटात एक नटी दारात बसून तांदूळ निवडते, नवरा परत येणार नाही असं कुणीतरी सांगून जातं, आणि ती बोटांत धरलेला खडा हळूच बाजूला ठेवते, एवढंच, तर त्या एका खड्यासाठी मी तो चित्रपट चार वेळा पाहिला आहे. अशी मतं मी उदारपणे वाटत असते. ऑफिसातल्या मैत्रिणी मला घाबरून असतात, कारण त्यांना आवडलेल्या प्रत्येक गोष्टीवर माझ्याकडे एक बोचरं वाक्य तयार असतं. दादांच्या मतांची संख्या मात्र दोन. सिनेमा संपला की ते चष्मा काढतात आणि म्हणतात, “बरा हाय,” किंवा म्हणतात, “उगाच.” आजवर त्यांनी तिसरं मत दिलेलं नाही.

पण त्यांचा एक लाडका नट आहे, आणि त्याच्याबाबत ते यांपैकी काहीच म्हणत नाहीत. तरुणपणी या नटाने अशी कामं केली, की त्याच्या नुसत्या वळण्यात माणसाचं सारं आयुष्य दिसावं. आता तो गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीत हसतो, विनोदी चित्रपटांत सासऱ्याच्या भूमिकेत डोळे वटारतो, आणि एकेकाळी ज्या आवाजासाठी लोक जीव टाकायचे तोच आवाज आता स्वतःची नक्कल करत असल्यासारखा कानावर येतो. मला ते बघवत नाही. “दहा वर्षांपूर्वीच थांबायला हवं होतं याने,” असं मी दर वेळी म्हणते, आणि दादा टीव्हीचा आवाज थोडा वाढवतात.

आता दादांच्या भूमिकेबद्दल सांगायला हवं. शिरवण्याच्या गावदेवीच्या जत्रेत दरवर्षी एक नाटक होतं, आणि ते कित्येक वर्षं तेच आहे. गावातल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं, एका बापाने घरातून हाकलून दिलेल्या मुलाची गोष्ट सांगणारं. तिसऱ्या अंकात मुलगा परत येऊन उंबऱ्यात उभा राहतो. बाप त्याच्याकडे बघतो, आणि मग फक्त एवढंच म्हणतो, “हात धू. जेवायला बस.” तो बाप म्हणजे आमचे दादा. दिवसभर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कंपनीत मशीनवर उभं राहायचं आणि संध्याकाळी तालमीला जायचं, हा त्यांचा चैत्रातला क्रम मी समजायला लागल्यापासून पाहिलेला. आमच्या गावची रीत अशी, की ही भूमिका कुणी कुणाकडून काढून घेत नाही. ज्याची आहे त्याने स्वतः गावदेवीपुढे नारळ आणि बापाच्या हातातली ती बांबूची काठी ठेवायची, तेव्हाच ती दुसऱ्याला मिळते. पडद्याआडून नटांना वाक्यं पुरवायचं काम आधी स्वतः मास्तर करत. त्यांची नजर अधू झाली तेव्हा मी कॉलेजात होते, आणि वही माझ्या हातात आली. मास्तरांनी मला एकच नियम शिकवला होता. वाक्याचा पहिला शब्द द्यायचा, तोही ओठांतल्या ओठांत, आणि डोळे वहीवरून हलवायचे नाहीत, कारण डोळे हलले की ओळ हरवते.

गेल्या वर्षी दादांनी दुसऱ्या अंकातलं अख्खं पान गाळलं. मी शब्द देत राहिले, पण ते माझ्या आवाजाच्या पलीकडे कुठेतरी पोचले होते, आणि समोरच्या मंडळींची वाक्यं रंगमंचावर अडकून पडली. प्रेक्षकांतून कुणी काही बोललं नाही. गावच ते, सगळे घरचेच. पण यंदा पाडवा होऊन गेल्यावर माझा चुलतभाऊ सुनील, जो आता मंडळाचं सगळं बघतो, घरी आला, दादा आत आडवे झालेले बघून बाल्कनीत गेला आणि हळू आवाजात म्हणाला, “ताई, काकांना तूच सांग ना. आमी कोन सांगनार? टेन्शन येतं यार. लोक पैशे खर्च करून मंडप घालतात, आनि परत तसा झाला तर?”

मला त्याचा राग आला, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे हे कळत होतं म्हणून जास्तच आला. परक्या नटांनी कधी थांबावं हे सोफ्यावरून सांगणारी मी, आणि आता घरातल्या एकाच नटाला ते सांगायची वेळ आली तर माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. आठवडाभर मी त्या घरात कोंडल्यासारखी वावरले. चहा ठेवताना वाटायचं, आता सांगावं. त्यांची गोळी हातावर ठेवताना वाटायचं, आता. खोल्या दोनच, आणि दोन्हींमध्ये ते होते. शेवटी मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. त्या लाडक्या नटाचा नवा चित्रपट मी मुद्दाम लावला आणि मुद्दाम मोठ्याने बोलू लागले. बघा, पाठांतर राहिलेलं नाही याचं. बघा, समोरच्याला कसं सांभाळून घ्यावं लागतंय. माणसाने आपला मान राहील तोवर बाजूला व्हावं.

दादांनी या वेळी आवाज वाढवला नाही. त्यांनी टीव्ही बंद केला. पडद्यांच्या तांबूस अंधारात ते बराच वेळ काळ्या काचेकडे बघत राहिले आणि म्हणाले, “कोनी सांगायचा त्याला? त्याच्या पोरीनं?” ते उठले, काठी टेकत कपाटाशी गेले, आणि नाटकाची वही काढून पहिल्या पानापासून वाचायला बसले. त्यानंतर रोज पहाटे माझा संगणक सुरू होण्याच्या आधी आतल्या खोलीतून त्यांच्या पुटपुटण्याचा आवाज यायचा; मी कानाला हेडफोन लावायचे आणि तरी तो यायचाच.

पहिली तालीम रविवारी सकाळी होती, देवळाशेजारच्या सभागृहात. पत्र्याखाली ऊन कढत होतं, जुने पंखे कुरकुरत होते, आणि उदबत्तीच्या वासात मधूनच कारखान्यांकडून येणारा तो आंबूस, औषधी वास मिसळत होता, ज्याला आम्ही शिरवण्याची माणसं वास म्हणतच नाही. मी नेहमीच्या जागी, बाजूच्या पडद्याआड प्लास्टिकच्या खुर्चीवर, वही मांडीवर घेऊन बसले. पहिला अंक सुरळीत गेला. दुसऱ्या अंकातलं ते पान दादांनी अडखळत का होईना, पुरं केलं. आणि तिसरा अंक आला. मुलगा उंबऱ्यात उभा राहिला. या जागी दादा थांबतात, हे मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांत मी ते थांबणं मोजलेलं आहे. तीन श्वास, आणि मग ‘हात धू’.

तीन श्वास झाले. चौथा झाला. पाचव्याला पंख्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. सहाव्याला मला सुनीलचा बाल्कनीतला आवाज आठवला, गेल्या वर्षी गळलेलं पान आठवलं, आणि माझं स्वतःचं ते वाक्य आठवलं, मान राहील तोवर बाजूला व्हावं. पुढचा श्वास मला घेववेना. वहीवर बोट ठेवून मी म्हणाले, “हात...”

ओठांत म्हणायचा शब्द मी जवळजवळ मोठ्याने म्हटला होता. तिकडे काहीतरी मोडलं, ते पडद्याआडूनही मला कळलं. दादांनी वाक्य म्हटलं, सपाट, वाचून दाखवल्यासारखं, आणि अंक संपला. मग त्यांनी सुनीलला नारळ आणायला सांगितला. त्यांना कुणी अडवलं नाही. तालमीला जमलेली माणसं उठून उभी राहिली, एवढंच. देवीपुढे नारळ ठेवून, त्याच्या शेजारी बांबूची ती काठी आडवी ठेवून, ते दवाखान्यातून आणलेल्या त्यांच्या ॲल्युमिनियमच्या काठीवर रेलून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरीनं शब्द दिला, म्हनजे इसरलोच असन.”

नाटकात बापाची बायको होणाऱ्या हिराकाकू चपला घालताना माझ्याजवळ थांबल्या. नेरूळच्या बाजारात त्या मासळी विकतात, आणि तिसऱ्या अंकात त्या दादांच्या अगदी समोर बसलेल्या असतात. “मध्येच कशाला बोललीस गो?” त्या म्हणाल्या. “शब्द येत व्हता त्याच्या डोल्यांत. इतक्या वर्षांत मना पयल्यांदा रडायला येत व्हता.” मी म्हणाले, काकू, फार वेळ गेला होता. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. “तू त्या वहीतशी मान वर काढून कवा बघितलास का त्याला?”

नव्हतं पाहिलं. लहानपणी मी प्रेक्षकांत मागे झोपून जायचे, आणि जागी राहायच्या वयात आले तेव्हा वही हातात आली. ज्या बाईने तांदळातला एक खडा बघायला एक सिनेमा चार वेळा पाहिला, तिने स्वतःच्या बापाचं काम एकदाही पाहिलेलं नव्हतं. मी फक्त ऐकलं होतं, आणि श्वास मोजले होते.

आम्ही रिक्षाने निघालो. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता आणि पुलाखालून जाताना क्षणभर आलेली सावलीसुद्धा गरम होती. शिरवण्यापासून नेरूळपर्यंत अंतर ते किती, पण मी मनात वाक्य जुळवत राहिले आणि एकही जुळलं नाही. माफी मागावी, तर ते विसरले नव्हते असं मला खात्रीने म्हणावं लागेल, आणि ती खात्री माझ्याकडे नव्हती. हिराकाकू म्हणतात तसं ते कदाचित त्या थांबण्यात पूर्वी कधी गेले नव्हते इतके खोल गेले असतील. कदाचित खरंच शब्द निसटला असेल आणि ते त्याला शोधत असतील. आणि या दोहोंत बाहेरून बघणाऱ्याला फरक तरी काय दिसणार होता. आता हे कधीच कळणार नाही, आणि कळणार नाही अशी व्यवस्था मीच केलेली. लिफ्टच्या आरशात आम्ही दोघं शेजारी उभे होतो आणि नवव्या मजल्यापर्यंत दोघांनीही आकड्यांकडे बघितलं.

घरात शिरल्यावर मी आतल्या खोलीत गेले आणि काम नसताना संगणक उघडून बसले. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज आले. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग बोंबलाच्या कालवणाचा वास. बऱ्याच वेळाने मी धीर करून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले. दादांनी दोन ताटं मांडली होती, तांदळाची भाकरी मोडून ठेवली होती, आणि एक हात ओट्यावर टेकून ते उभे होते.

“दादा,” मी म्हणाले, “आज खरंच आठवलं नव्हतं?”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात वही नव्हती, म्हणून मला त्यांच्या चेहऱ्याकडेच बघावं लागलं. खिडकीतलं ऊन त्याच्या अर्ध्या भागावर पडलं होतं. आधी त्यात राग दिसला, मग रागाच्या मागे थकवा, आणि थकव्याच्याही मागे असं काहीतरी, ज्याला माझ्याजवळ शब्द नव्हता. भुवई किंचित हलली, ओठ उघडायला आले आणि परत मिटले. तीन श्वास झाले, पाच झाले, पुढे मी मोजायचं सोडून दिलं. पहिला शब्द मला पाठ होता, जिभेच्या टोकावर होता. मी तो दिला नाही.

“हात धू,” दादा म्हणाले. “जेवायला बस.”

मी बेसिनपाशी गेले, आणि नळ बराच वेळ तसाच चालू ठेवला.