नाकाशी धरलेला बूट

फिट आलेल्या लेकीच्या नाकाला मी कंपनीचा बूट लावला होता, एवढी मी शहाणी! परवा नातू चाकणहून शिफ्ट संपवून आला. त्यानं दारात बूट काढले आणि ऑइलचा, घामाचा, तापलेल्या रबराचा तोच वास आला. 

कितीतरी वर्षांपूर्वी चिंचवडच्या आमच्या खोलीत माझी लेक सुनंदा चहा गाळत होती. अचानक तिचा उजवा हात झटके देऊ लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. हाका मारल्या तरी बोलेना, डोळे मात्र माझ्यावरच. फिट म्हणजे माणूस बेशुद्ध, इतकीच माझी अक्कल. ह्यांचा बूट तिच्या नाकाशी धरून मी शेजारच्या मावशींपुढे गळा काढला, "आता हिच्याशी लग्न कोण करणार हो?"

थोड्या वेळानं हात थांबला. काही फिटांमध्ये माणूस शुद्धीत असतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्याआधीच, जीभ वळायला लागल्यावर, लेक म्हणाली, "आई, मला सगळं ऐकू येत होतं. मी मरतेय का, एवढंच तुला विचारायचं होतं गं. आणि तू माझ्या लग्नाचं बोलत होतीस."