होडीच्या वाट्याचं पाणी

सर फळ्यांच्या जोडात अंगठ्याचं नख घालायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, "तिले तहान लागली."

तिले म्हणजे होडीले. गायीला नाही, सुनेला नाही. आमच्या आंजी गावात या माणसाच्या अंगणात शिडाची लाकडी होडी उभी असायची आणि उन्हाळा लागला की तिला तहान लागायची.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझा वैताग तुमच्या लक्षात येईल. मी ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडतो. व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. हिवाळ्यात मला कुत्रं विचारत नाही, एप्रिल लागला की अख्ख्या गावाला माझा नंबर पाठ. पाणी कधी येते, पाणी काऊन नाई आलं, त्या गल्लीत आलं मग आमचं काय घोडं मारलं. अशा माणसाच्या वाट्याला हे अंगण यावं, याला नशीब म्हणतात.

सर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे. नोकरीच्या शेवटी शेवटी कसल्याशा प्रशिक्षणाला भोपाळला गेले, तिथल्या तलावात शिडाच्या होड्यांची शर्यत पाहिली आणि कामातून गेले. रिटायर झाल्यावर दुसरा उद्योगच नाही. कापसाची एक जुनी जिनिंग गिरणी पाडत होते, तिच्या छपराचं सागवान आणलं. जोडांत आपल्याच शिवारातला कापूस ठासला, वरून डांबर. शीड गावातल्या मंडपवाल्याकडून शिवून घेतलं. त्यानं सवयीनं एका कडेला झालर लावून दिली. सरांनी ती बिनबोभाट उसवली.

होडी पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा अर्धं गाव धरणावर होतं. मीही होतो, खोटं कशाला बोलू, हसायलाच गेलो होतो. होडी दोन हात पुढे गेली आणि सगळ्या जोडांतून पाणी घेत शांतपणे खाली बसली. लोक पोट धरून हसले. सर गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "बैलबंडीचं चाक नाई का आपण डोहात टाकून ठेवत? लाकूड पाणी पेते, फुगते, मंग जोड मिटते." आत दगड टाकून त्यांनी ती तशीच बुडवून ठेवली. काही दिवसांनी काढली तर आत थेंब येईना. पुन्हा हसायला गेलेले लोक गुपचूप घरी आले.

पावसाळा सरला की उन्हाळ्यापर्यंत सर धरणावर. शर्यत लावायला दुसरी शिडाची होडी साऱ्या पंचक्रोशीत नव्हती, म्हणून एका मासेमाराच्या वल्ह्याच्या डोंग्याशी लावायचे. वारा असला की सर पुढे, वारा पडला की तो पुढे, आणि मग "वाऱ्यानं घात केला बापू" हे ठरलेलं. मला ते वजन म्हणून सोबत नेत. मी नुसता बसायचो. मधोमध गेलं की फोनला रेंज नसायची. खरं सांगतो, अख्ख्या तालुक्यात पाण्याबद्दल मला कोणी विचारत नाही अशी तेवढीच एक जागा होती आणि ती पाण्यातच होती.

उन्हाळ्यात मात्र धरण आटायचं, काठाला नुसता चिखल. तिथं ठेवली तर लोक चुलीत घालतील. म्हणून ट्रॉलीवरून होडी घरी यायची. आणि आमचं ऊन तुम्हाला माहीत आहे, दाराच्या चौकटी आक्रसतात तिथं होडीची काय कथा. एकदा का फळी सुकून उभी तडकली की ती पुन्हा मिटत नाही. सारी होडीच वाया. म्हणून रोज आत पाणी ओतायचं, वरून ओली पोती. होडीनं पाण्यात असावं, तर इथं पाणीच होडीत. सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या ओट्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "पाजा, माह्या सवतीले पोटभर पाजा."

एका वर्षी नळाची विहीर लवकर आटली आणि नळ दिवसाआड, मग त्याहूनही उशिरा. गल्लीतल्या बायका माझ्यावर तुटून पडल्या. आमच्या घागरी कोरड्या आणि तिकडे लाकडाले पाणी. त्यांचं काय चुकलं? मी तणतणत सरांकडे गेलो, तर सर होडीत बसून आंघोळ करत होते. अंगाला साबण, डोक्यावर तांब्या. म्हणाले, घे पाहून, नळाचं वेगळं एक भांडं तिला देत नाही, माझ्या अंगावरून जाईल तेवढंच तिचं. मी आलो तसा परत गेलो आणि बायकांना सांगितलं. त्यांनी भिंतीवरून डोकावून खात्री करून घेतली. मग आठवडाभर गल्लीत दुसरा विषय नव्हता, पण तक्रारही नव्हती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकूंना लकवा मारला. एक बाजू गेली. अंथरुणातच सगळं. रोजच्या चादरी, लुगडी, दोनदा अंग पुसायचं, आणि करणारे एकटे सर. मुलगा नागपूरला नोकरीत, तो रविवारी येऊन जायचा. घरात येईल तेवढं पाणी काकूंनाच पुरेना. सरांनी आंघोळ सोडली, ओल्या फडक्यावर भागवायचे. अंगणातली पोती वाळून कडक झाली. सर तिकडे बघायचेही नाहीत. पाठ करून चादरी वाळत घालायचे.

मला ते बघवेना. मी कधी सख्ख्या मेहुण्याला जास्तीचं पाणी दिलं नाही, पण सरांना म्हणालो, तुमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह थोडा उशिरा बंद करतो, कोणाला कळायचं नाही.

"नोको," ते म्हणाले. "तिले पाजता येईन. पण मंग मले तिच्यात बसवणार नाई."

एका दुपारी सर औषधं आणायला वर्ध्याला गेले होते. मला काकूंजवळ बसवून गेले. अंगणात काडकन आवाज झाला, होडीचा एक जोड उकलला होता. काकूंनी ऐकलं. त्यांचं बोलणं तेव्हा ओठाच्या एका कोपऱ्यातून, अडखळत यायचं. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "माह्या वाट्याच्या दोन बादल्या तिले टाक. मी एक दिस याच चादरीवर राहीन."

मी नाही म्हणालो. त्यांनी चालत्या हाताने माझं मनगट धरलं. अंथरुणावर पडलेल्या बाईच्या हातात एवढा जोर कुठून आला, देव जाणे. मी दोन बादल्या ओतल्या.

सर आले. ओली होडी पाहिली, रिकाम्या बादल्या पाहिल्या, न बदललेली चादर पाहिली. मला वाटलं, मला धरून मारतात. त्यांनी आधी चादर बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली बोलावली. शर्यत लावणाऱ्या त्या मासेमाराला होडी देऊन टाकली, फुकट. धरणाच्या मधल्या डोहात बारा महिने पाणी असतं, तिथं त्याच्या राखणीत ती राहील. मी काऊन म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाले, "हिच्या तोंडचं काढून नाई पाजायची." मासेमारानं डोलकाठी उतरवून शिडासकट झोपडीत जपून ठेवली आणि निरोप धाडला, सर, याल तेव्हा लावू.

सर गेले नाहीत. पाऊस झाला, धरण भरलं, वारेही सुटले. काकूंना सोडून ते तासभरही हलायचे नाहीत. हळूहळू तेही वाकले. बोलता बोलता भिंतीला टेकायचे आणि तसेच राहायचे.

पुढच्या हिवाळ्यात काकू गेल्या.

तेरवी झाल्यावर मी मुद्दाम धरणावर जाऊन आलो. होडी डोहात बांधलेली होती, एक जोड तेवढा डांबरानं बुजवलेला, तळ कोरडा ठणठणीत. मासेमार म्हणाला, घेऊन ये त्यांना, वारा चांगला आहे. मी धावतच सरांकडे. म्हटलं, सर, चला. आता तुम्हाला अडवणारं कोण आहे?

ते भिंतीला टेकले. मग म्हणाले, "तेच तं. आता गेलो, तं हिले वाटन मी वाटच पाहून राह्यलो होतो."

चार-दोन दिवसांनी मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला आणि घराला कुलूप लागलं. तिथं चोवीस तास पाणी आहे म्हणतात.

या एप्रिलमध्ये गल्लीतून फोन आला, सरांच्या बंद घरात पाणी चाललंय, आमच्याकडे धार बारीक. मी गेलो, भिंतीवरून उतरलो. नागपूरला जाताना अंगणातला नळ कोणी बंदच केला नव्हता, हिवाळ्यात ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी व्हॉल्व्ह सोडला की तो आपला सुरू. जिथं होडी उभी असायची तिथं खळगा पडला होता आणि पाणी त्यात साचत होतं. बाहेर बायका ओरडत होत्या, सापडला का, बंद केला का.

मी हो म्हणालो. नळ बंद केला तो त्यानंतर, जरा वेळानं.