बसच्या बाजूने तीन मतं

आईच्या कण्याचं ऑपरेशन होऊन अकरावा दिवस होता, आणि रायपूरच्या विमानतळावर, सामान येतं त्या पट्ट्याच्या बाजूला आई, बाबा आणि मी अशा आम्ही तिघांनी मतदान घेतलं. भिलाईला घरी कसं जायचं, टॅक्सीने की बसने, एवढाच प्रश्न होता.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. आमच्या घरात ते रोजचं होतं. बाबा कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते आणि पाळी सुटताना गेटवर कामगार संघटनेची पत्रकं वाटणं हे त्यांचं दुसरं काम होतं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. भिलाईत खुर्सीपारच्या आमच्या दोन खोल्यांत कूलर घ्यायचा की नाही, दादाला नोकरीसाठी हैदराबादला जाऊ द्यायचं की नाही, सगळं बैठकीत ठरायचं. बाबा विषय मांडायचे, ज्याला बोलायचं तो बोलायचा, मग हात वर. आईचा हात सगळ्यात शेवटी जायचा आणि जिकडे जास्त हात असतील तिकडेच जायचा. बाबा म्हणायचे, "सर्वानुमते." मला त्या शब्दाचा अभिमान होता. शेजारच्या घरांत बाप ओरडायचा आणि बाकीचे मान खाली घालायचे. आमच्याकडे लोकशाही होती.

ऑपरेशन हैदराबादला झालं, कारण दादा तिथे आहे. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं: हादरे बसू देऊ नका, सलग अर्ध्या तासाच्या वर बसवू नका, कमरेचा पट्टा झोपताना सोडून कधी काढू नका. रेल्वेचा रात्रभराचा प्रवास नकोच, म्हणून दादाने विमानाची तिकिटं काढली. निघताना त्याने आईच्या हातात एक पाकीट दिलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "हे टॅक्सीचे. घराच्या दारापर्यंत टॅक्सी करजा. आणि तिथं बैठक-बिठक नका भरवजा, हात जोडतो तुमाले."

आम्ही हसलो होतो.

आता बसबद्दल. आमच्या वस्तीतली पोरं हल्ली कामाला दूर जातात, आणि कधीकधी ठेकेदारच घाईघाईने विमानाचं तिकीट काढून देतो. परत येताना तीच पोरं विमानतळाबाहेर पिशव्या डोक्यावर घेऊन चालत निघतात, कारण टॅक्सीला आठवड्याची मजुरी जाते. विमानातून उतरलेल्या मजुराला शेवटचे काही कोस मात्र चालत जावं लागतं, हे मला असह्य होतं. मी पत्रक लिहिलं. विमानतळापासून रायपूर स्टेशनपर्यंत साधी बस हवी, तिथून लोकल आहेच. त्यात एक वाक्य होतं, जे वाचून बाबांनी माझी पाठ थोपटली: ही बस म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची, लेकुरवाळ्यांची असेल. ते लिहिलं तेव्हा मी विमानतळ पाहिलेलासुद्धा नव्हता.

बस सुरू झाली. आमच्यामुळे की कशामुळे, देव जाणे. पण ती रिकामी धावायची, आणि रिकामी धावते म्हणून बंद करणार अशी कुजबुज होती. आम्ही संघटनेतल्या लोकांनी ठरवलं होतं की आपल्यातला प्रत्येक जण त्याच बसने जाईल. नाहीतर कोणत्या तोंडाने मागितली?

तर त्या दिवशी आई चाकाच्या खुर्चीत होती. तिथल्याच टॅक्सी-बुकिंगच्या खिडकीवर मी विचारलं. आतल्या माणसाने भाडं सांगितलं आणि मी बाबांकडे पाहिलं. मोबाइलवरची गाडी थोडी स्वस्त दाखवत होती, पण फार नाही. पैसे होते, हे मुद्दाम सांगते. पाकीट आईच्या पर्समध्ये होतं. टॅक्सी परवडत नव्हती म्हणून आम्ही बस घेतली असं मला म्हणता येत नाही.

"बस आहे ना," मी म्हणाले.

बाबांचा चेहरा उजळला. "मी तेच म्हणून राहिलो होतो मनात. पण तुह्या आईची पाठ?"

"बसला सीट असतातच. रिकामी असते. आई पुढे बसेल आरामात."

"मग घेऊ मत." त्यांनी हात वर केला. मी केला. आम्ही दोघांनी आईकडे पाहिलं.

"तुमाले जे वाटते ते," आई म्हणाली.

"असं नाही. मत दे."

तिने हात उचलला. तो कमरेच्या पट्ट्याच्या काठापर्यंत आला आणि थांबला. "याच्या वर नाही जात."

"तेवढा पुरे," बाबा म्हणाले. "सर्वानुमते."

खुर्ची ढकलणारा माणूस बाजूला उभा राहून हे सगळं पाहत होता. बस टर्मिनलच्या दाराशी येत नाही, बाहेरच्या मोठ्या रस्त्यावरून जाते, हे त्यानेच सांगितलं. खुर्ची तिथपर्यंत नेता येत नाही, हेही. भर दुपारी, एप्रिलच्या उन्हात, आई एक हात माझ्या आणि एक बाबांच्या खांद्यावर ठेवून तेवढं अंतर चालली. मध्ये दोनदा थांबली. दुसऱ्यांदा म्हणाली, "पत्रकात ऊन नव्हतं लिहिलं तू." मी हसले. ती थट्टाच करत होती, असं मी धरून चालले.

बसची पायरी उंच होती. बाबांनी वरून ओढलं, मी खालून आधार दिला, आणि आईच्या तोंडून एक आवाज आला, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. कंडक्टर धावत आला. पट्टा पाहून त्याने कपाळावर हात मारला आणि इकडे आईला म्हणतात तसं ‘दाई’ म्हणत तिलाच विचारलं. "ऑपरेशन हुआ है और बस में? दाई, ये लोग सगे हैं ना तेरे?"

"सगे ही हैं," आई धापा टाकत म्हणाली, "इसीलिए तो."

कंडक्टरने तिला पुढच्या सीटवर बसवलं, स्वतःची उशी तिच्या पाठीमागे दिली. बसमध्ये आमच्याशिवाय दोनच बायका होत्या, विमानतळावर झाडू-पोछा करणाऱ्या. पाळी संपवून घरी निघाल्या होत्या. बाबांनी लगेच त्यांच्याशी बोलणं काढलं, आणि त्यांतली मोठी माझ्याकडे वळून म्हणाली, "बस नहीं थी तब चौक तक पैदल जाते थे हम लोग, दीदी। पाँव सूज जाते थे। अब बोल रहे हैं बंद कर देंगे।"

मला भरून आलं. हेच तर मी लिहिलं होतं. मी काही खोटं लिहिलं नव्हतं.

मग पहिला गतिरोधक आला. आईने माझं मनगट धरलं. "दुखते का?" "नाही." दुसऱ्याला तिची नखं रुतली. तिसऱ्यानंतर मी विचारलं तेव्हा ती डोळे मिटून समोरचा दांडा धरून बसली. तिच्या वरच्या ओठावर घाम साचला होता.

बस थांबवता आली असती. उतरून तिथेच टॅक्सी बोलावता आली असती. मोबाइल माझ्या हातात होता. मी थांबवली नाही, आणि कारण काही मोठं तत्त्व नव्हतं. ती मोठी बाई माझ्याकडे पाहत होती. तिच्या बसमधून उतरून मी टॅक्सीत बसले तर ती काय म्हणेल, याची मला लाज वाटली. आईची पाठ एका बाजूला आणि एका अनोळखी बाईच्या नजरेतली माझी किंमत दुसऱ्या बाजूला, आणि मी किंमत निवडली. पुढची वीस-पंचवीस मिनिटं प्रत्येक खड्ड्याला मी तीच निवडत राहिले.

रायपूर स्टेशनला उतरताना आईचा डावा पाय जमिनीवर टेकला आणि दुमडला. आम्ही धरली म्हणून पडली नाही. ती बसच्या पायरीवरच बसली.

"पाय कुठं पडून राहिला ते समजून नाही राहिलं मले," ती म्हणाली. रडली नाही. नवल वाटल्यासारखं म्हणाली.

"पाच मिनिटं बसू," बाबा म्हणाले. "मग लोकल. पावर हाऊस स्टेशनला उतरलं की घर आलंच."

आईने पर्स उघडली, पाकीट काढलं आणि समोर उभ्या टॅक्सीवाल्याला हाक मारली. "भैया, खुर्सीपार जाना है। पीछे की सीट पर लेटूँगी मैं। धीरे चलाना।"

"एक मिनिट," बाबा म्हणाले, "आपण ठरवून—"

"तुमी दोघं लोकलनं या," ती म्हणाली. "तुमचं तुमी ठरवा."

आम्ही तिच्यामागे टॅक्सीत शिरलो. बाबा पुढे बसले. मी मागच्या सीटच्या टोकाला अंग चोरून बसले, तिची पावलं मांडीवर घेऊन. अर्ध्या वाटेवरचं कुम्हारी गाव मागे पडलं. मी तिच्या डाव्या अंगठ्यावर बोट दाबून पाहिलं. पाय हलला नाही. मी जोरात दाबलं. तिला कळलंच नव्हतं.

हैदराबादच्या डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. सूज असू शकते, हादरा असू शकतो, टॅक्सीने आला असता तरीही कदाचित झालं असतं. नक्की सांगता येत नाही. तीन महिने वाट पाहा. बाबांनी ‘कदाचित झालं असतं’ एवढंच धरलं आणि ते शेजाऱ्यांना सांगू लागले. मला ते धरता येईना.

दादाला आईने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, "हो रे, टॅक्सीनंच आलो. ड्रायव्हर चांगला होता." ती फोनवर बोलत असताना मी बाजूला बसून होते. ठेकेदाराच्या अर्धसत्यांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत, आणि त्या संध्याकाळी मी पाणी प्यायला उठून गेले.

चौथ्या दिवशी मीच दादाला फोन करून सगळं सांगितलं. मतदानसुद्धा. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कोण्या ठेकेदारानं कोण्या मजुराले असं नेलं असतं, तर तू दोन पानं लिहिली असती." आणि फोन ठेवला.

खरं बोलल्यावर बरं वाटेल असं मला लहानपणापासून शिकवलं होतं, आणि मला खरंच थोडं बरं वाटलं. आई पलंगावरून ऐकत होती.

"कावून सांगितलं त्याले?"

"खरं होतं म्हणून."

"तो तिकडं एकटा आहे. आता त्याले रात्री झोप नाही येणार. तुले हलकं वाटून राहिलं, नाही?" तिने भिंतीकडे तोंड केलं. "पाय माझा आहे. मले विचारलं असतं."

त्या घरात तिला प्रत्येक गोष्ट विचारली गेली होती, असं मला अठ्ठावीस वर्षं वाटत आलं होतं.

बस अजून चालू आहे. ती चालू राहावी असं मला आजही वाटतं, आणि ती वाचवण्याचं पत्रक मीच लिहिलं. त्यातून आजाऱ्यांचं वाक्य काढलं. का काढलं, असं संघटनेतल्या मंडळींनी विचारलं. मी सांगितलं की जागा कमी पडत होती.

तीन महिने होऊन गेले. आई चालते, पट्टा सुटला आहे. परवा ती कोपऱ्यावरच्या दुकानात साखर आणायला निघाली. मी येते म्हटलं तर नको म्हणाली, म्हणून मी थोडं अंतर ठेवून मागून गेले. गटाराच्या फरशीजवळ तिची डावी चप्पल पायातून सुटली. तिला कळलं नाही. खडी उखडलेल्या रस्त्यावर एक पाय अनवाणी टाकत ती तशीच पुढे चालत राहिली. चप्पल उचलून मी धावले.