काकांचा दुसरा ग्लास
बडीशेप आणि गुलाबपाकळ्या वाटल्याचा वास आला की मला मुलुंडच्या आमच्या सोसायटीतली ती धुळवड आठवते. भांगेची ठंडाई अर्ध्या तासात चढली नाही म्हणून शेजारच्या काकांनी दुसरा ग्लास रिचवला आणि थोड्या वेळानं छाती धरून ‘मी चाललो!’ म्हणत ते जिन्यातच बसले. सगळे घाबरले, पण फार्मसी शिकणारी माझी लेक रंगानं माखलेल्या हातांनी त्यांची नाडी बघत म्हणाली, “काका, भांगेतल्या सीबीडी या घटकानं नशा येत नाही, ही धडधड टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाची आहे. पोटात गेलं की ते उशिरा चढतं. तुम्हाला आता दोन्ही ग्लास एकदम चढलेत. डॉक्टर येतायत, मी इथेच आहे.” डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आता दर धुळवडीला काका पातेल्यापाशी उभे राहून सगळ्यांना दटावतात, “दुसरा ग्लास नाही, हिच्या लेकीनं सांगितलंय!” आणि ते ऐकायला मी मुद्दाम तिथेच घुटमळते.