कामेनच्या घराची चॉकलेटं

सेवदाशी भांडायला गावात सहसा कोणी जात नाही. पोस्टातली बाई तिला बघितलं की आधी तिचं काम उरकते, कसाई तिच्या पुड्यात जास्तीचं हाड घालायला धजत नाही. शिवणकारखान्यात मात्र हीच सेवदा वीसेक वर्षं हातावर ठेवतील तो पगार मुकाट घेत आली होती. त्या गोष्टीचा तिला जेवढा राग होता, तेवढा जगात कोणाचाच नव्हता.

इटलीला जाणारे बायकांचे कोट तिच्या लाइनीवर तयार व्हायचे. हाताखाली तीसेक बाया, आणि कोट परत आला की शिव्या सेवदाला. नवरा जर्मनीला बांधकामावर गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. तेव्हापासून ती भावाच्या घरात खालच्या मजल्यावर राहत होती. भावजय तिच्या आंघोळीच्या गरम पाण्यावरसुद्धा नजर ठेवून असे. सेवदाला एकच हवं होतं: स्वतःचं दार. बसस्टँडमागे नवी इमारत उभी राहत होती. तिथली एक खोली आणि स्वयंपाकघर घ्यायचं, ह्या एका हट्टापायी तिने किती वर्षं सुट्टीत समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. त्यात तेल महागलं, पाव महागला, इटलीची मागणी निम्म्यावर आली, आणि खोलीची किंमत मात्र वरच चढत राहिली.

शेवटी ती कर्जासाठी चौकातल्या बँकेत गेली. तिथल्या पोरीने कागद पाहिले आणि मान हलवली.

"ताई, ह्या पगारावर नाही बसत हो. घरात कोणी पुरुष आहे का जामीन राहायला?"

"असता तर त्यालाच पाठवलं असतं. मी कशाला तुझं तोंड बघायला आले असते?"

हे झालं उन्हाळ्यात. शरद सुरू झाला आणि कामेनने चॉकलेटं आणली.

कामेन शेजारच्या लाइनीचा सुपरवायझर. त्याची आई दोच्का ही सेवदाच्या आधी तिच्याच जागेवर होती. तिचा मुलगा म्हणून सेवदाने ह्या पोराला सुई धरण्यापासून शिकवलं, कोटाची बाही खांद्यात सुरकुती न पडता कशी बसवायची ते हात धरून दाखवलं. आमच्याकडे काही चांगलं घडलं की डबा फिरवावा लागतो. मूल झालं, गाडी घेतली, मुलगी पास झाली, काहीही असो, गोड वाटायचं आणि कशाबद्दल ते सांगायचं. घेणाऱ्याने आधी शुभ बोलायचं आणि मग तोंडात टाकायचं. जो वाटत नाही त्याचं चांगलं त्याला लाभत नाही, असं गावातली शिकलेली माणसंही मानतात. कामेन खरं तर वाटणार नव्हता. पगाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही अशी कारखान्याची ताकीद होती आणि पोरगं पुरेसं धूर्त होतं. पण बाळाला ताप आला, मग गाडीचा आरसा फुटला, आणि दोच्का त्याच्या मागे लागली की घराचं गोड वाटलं नाहीस म्हणून हे सगळं होतंय.

कॉफीच्या सुट्टीत तो भला मोठा डबा घेऊन आला.

"घर घेतलं," तो म्हणाला. "बसस्टँडच्या मागे. तिसरा मजला."

बायांनी "सुखानं राहा", "भरभराट होवो" म्हणत चॉकलेटं उचलली. डबा सेवदापाशी आला. तिने एक उचललं आणि हातातच धरून ठेवलं.

"बायको लागली का रे कामाला?"

"कुठली हो ताई, बाळ लहान आहे अजून."

"मग सासऱ्याने पैसे दिले असतील."

"त्यांनी?" पोरगं फुशारलं. "ते माझ्याकडूनच सिगरेटी मागतात. बँकेनं कर्ज दिलं, माझ्या एकट्याच्या पगारावर!"

बोलून गेला आणि मग त्याचे कान लाल झाले.

"कुठल्या बँकेनं?"

"चौकातल्या," तो पुटपुटला.

सेवदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या लाइनीवर तीस बाया, ह्याच्या लाइनीवर वीसही नाहीत. ह्याचे बिघडलेले कोट आजही तिच्याकडे दुरुस्तीला येतात. तिने चॉकलेट परत डब्यात ठेवलं. आमच्याकडे हे तोंडावर थुंकण्यासारखंच आहे. राइना नावाची तिसऱ्या लाइनीची सुपरवायझर घाईघाईने म्हणाली, "अगं, घे की, घराचं आहे."

"घर कसलं, माझ्या मेहनतीचं आहे ते," सेवदा म्हणाली आणि तडक मालकाच्या खोलीत शिरली.

मालक ग्रोझ्दानोव. बापाकडून कारखाना आला, गावातलं दुकान आलं आणि बापाचं बोलणंही.

"सेवदाबाई, कामेनला संसार आहे," तो म्हणाला.

"आणि मी काय झाडावर राहते?"

"तसं नाही. पुरुषाला घर चालवायचं असतं, आणि तुम्ही तर एकट्या..."

"एकटीलाही पाव फुकट मिळत नाही, साहेब. तुमच्या दुकानात तर नाहीच नाही."

ग्रोझ्दानोव उठला, त्याने दार लावलं आणि आवाज खाली आणला. पगार वाढवता येणार नाही, मग राइनाचाही वाढवावा लागेल. पण दर महिन्याला एक पाकीट हातात मिळेल. कुठे नोंद नाही, सही नाही, कोणाला सांगायचं नाही. पहिलं पाकीट त्याने तिथल्या तिथे टेबलावरून सरकवलं.

सेवदाने ते घेतलं. हे सांगायला हवं, कारण नंतर गावाने तिला संतीण करून टाकलं. तिने घेतलं, चोळीत खुपसलं आणि पुन्हा लाइनीवर येऊन उभी राहिली. नव्या इमारतीचा ठेकेदार तिला म्हणालाच होता की बँक नको, रोख हप्ते असतील तरी चालेल. दर महिन्याचं पाकीट म्हणजे दर महिन्याचा हप्ता. दार आता हाताशी आलं होतं, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

रविवारी दोच्का आली. सेवदा अंगणात हिवाळ्याच्या चटणीसाठी लाल मिरच्या भाजत होती. दोच्का न विचारता बाकावर बसली, परात पुढे ओढली आणि भाजलेल्या मिरच्यांची सालं काढायला लागली. काम करता करता भांडायची दोघींचीही सवय जुनीच.

"माझ्या पोराचं घर खुपलं तुझ्या डोळ्यांत."

"घर नाही, पगार खुपला."

"चॉकलेट परत ठेवलंस! बाळाला पुन्हा ताप चढलाय."

"मग डॉक्टरकडे ने. माझ्याकडे काय औषध आहे?"

"जीभ आहे की कात्री! पाकीट मिळालं ना तुला? मग गप्प बस. मीही बसले होते."

सेवदाच्या हातातला चिमटा थांबला. "तुलाही द्यायचे?"

"न द्यायला काय झालं? ह्या ग्रोझ्दानोवचा बाप द्यायचा. पुरुषांना जास्त का म्हणून मी असा दंगा केला होता की इस्त्रीवाल्या बाया इस्त्र्या सोडून आल्या होत्या बघायला. दुसऱ्याच दिवशी पाकीट. निवृत्त होईपर्यंत घेत होते." हे सांगताना दोच्काची मान ताठ झाली होती.

"आणि पेन्शन किती येतं तुला?"

दोच्काने मिरची सोलली, बिया झटकल्या, दुसरी घेतली.

"मी काहीतरी विचारलं, दोच्काताई."

"लाज नाही वाटत विचारायला?"

"नाही."

"लाकडं आणली की औषधं राहतात. औषधं आणली की लाकडं. झालं समाधान?"

"पेन्शन कागदावरच्या पगारावर धरतात. तुझं पाकीट कुठे होतं कागदावर?"

"कामेन देतो मला दर महिन्याला!"

"देतो ना. तुझे कापले, माझे कापले, ते त्याच्या पगारात घातले, आणि त्यातले चार पैसे तो तुला देतो. वर तूच त्याचे उपकार मानतेस."

दोच्काने हातातली मिरची परातीत आपटली. मग तिने विचारलं, "तुला किती घातलेत पाकिटात?"

सेवदाने आकडा सांगितला. दोच्का हसली, फार वाईट हसली.

"एवढेच? सेवदे, मला ह्याच्यापेक्षा जास्त द्यायचे गं. तेव्हाच्या भावाने!"

ती निघून गेल्यावर सेवदा चुलीपाशीच बसून राहिली. मिरच्या करपल्या तरी उठली नाही. तिला शरम वाटत होती आणि त्याहून जास्त संताप येत होता. इतकी वर्षं तिने दाराचाच हिशेब केला होता. त्या दाराच्या आत बसून म्हातारपणी खायचं काय, हे तिने कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. आत जी म्हातारी बसलेली असेल ती आत्ताच तिच्या बाकावरून उठून गेली होती.

सोमवारी कॉफीच्या सुट्टीत तिने पाकीट सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं. ते कोणी दिलं, कशासाठी दिलं आणि आपला कागदावरचा पगार किती, ते मोठ्याने सांगितलं. राइना म्हणाली, "वेडी आहेस तू," आणि कप घेऊन उठून गेली. नाताळाच्या आत ग्रोझ्दानोवने मागणी कमी झाल्याचं कारण दाखवून सेवदाला काढून टाकलं. खोलीसाठी साठवलेले पैसे तिने जिल्ह्याच्या गावातल्या एका वकिलीणबाईंच्या हवाली केले आणि कमी पगाराबद्दल ग्रोझ्दानोववर खटला भरला. भावजय म्हणाली, घर गेलं ते गेलंच. ते खरंच होतं.

साक्षीला कारखान्यातली एकही बाई आली नाही. आली ती दोच्का. तिने कोर्टात पाकिटांचं सगळं सांगितलं, ग्रोझ्दानोव बापलेकांची नावं घेऊन. स्वतःच्या लेकाचा पगारही सांगितला, तोही न विचारता. बाहेर आल्यावर सेवदा तिच्याजवळ गेली.

"आभारबिभार मानू नकोस," दोच्का म्हणाली. "तुझ्यासाठी नाही आले मी. साक्ष देणार म्हटल्यावर पोराने काल पैसे बंद केले माझे. परतीचं तिकीट काढ."

सेवदाने दोन तिकिटं काढली. बसमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.