गलाईवाल्याचा केर

हॉस्पिटलात आमच्या वॉर्डात विट्याचे एक गलाईवाले होते. धंदा सोनं आटवण्याचा, त्यामुळे कुठंही बसले की बोटानं फरशीवरची धूळ टिपून निरखायचे. त्यांच्या सिकलसेल झालेल्या लेकीची जुनी अस्थिमज्जा औषधांनी संपवून तिला धाकट्या बहिणीच्या मूळपेशी देणार होते. पुढची पाळी माझ्या मुलाची. मला धीर त्यांनीच दिला होता, "आवं ताई, जुनं आटवल्याबिगर नवं घडत न्हाई. आमचं रोजचंच काम हाय."

ती औषधं सुरू होण्याआधी न्हाव्यानं त्यांच्या लेकीचे केस उतरवले. सफाईच्या मावशी झाडू घेऊन आल्या. गलाईवाल्यांनी तो मागून घेतला, कोपऱ्यांसकट फरशी झाडली आणि केसांची पुडी बांधून खिशात ठेवली.

"केर कशाला ठेवताय?" मावशींनी विचारलं.

"आमच्यात केर टाकत न्हाईत," ते हळू म्हणाले. "त्यात सोनं असतंय."