ऐंशीच्या खालचं

त्रिवेणी आमच्याच गल्लीतली, गौलीगुड्याची. शहराबाहेरच्या एका औषध कंपनीत मी गोळ्यांच्या खात्यात आणि ती तपासणीच्या. बसमध्ये शेजारी बसलो की तिच्या मशीनचं पुराण सुरू. औषधाच्या वाफेवर इलेक्ट्रॉनचा मारा करायचा. रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो, रेणूवर विद्युतभार येतो आणि तो मोडतो. पण वाटेल तिथे नाही, ज्याची त्याची मोडायची जागा ठरलेली. मशीन तुकड्यांची वजनं करतं आणि प्रत्येक वजनाची पडद्यावर एक रेघ उमटते. रेघा बघून मूळ रेणू ओळखायचा. मी जांभया द्यायची, ती थांबायची नाही.

हे तिला शिकवलं हिम्मतरावांनी. खात्याचे प्रमुख, मलकपेठला राहणारे, तिच्या वडिलांचे दोस्त. ती त्यांना काका म्हणे, ते तिला बेटा. तिच्या साखरपुड्यात भर पंगतीत जिलेबी वाढत फिरले होते. एरवी कंपनीत कुणाकडे ढुंकून न बघणारा माणूस हिच्या टेबलाशी मात्र उभ्या उभ्या चहा प्यायचा. तिचा त्यांच्यावर आंधळा विश्वास होता, आणि मला त्याचा रागच यायचा.

मागच्या वर्षी मधुमेहाच्या एका गोळीत तिला चौऱ्याहत्तर वजनाची रेघ दिसली. सोबत बेचाळीस आणि तीस, म्हणजे त्याच रेणूचे तुकडे. दोन नायट्रोजन असलेला एवढासा रेणू, पण कॅन्सरला कारण होऊ शकतो म्हणून जगभर बदनाम. ती धावत काकांकडे गेली.

"कायको घाबरतीस बेटा, मशीनमधे हवा घुसतेय," ते म्हणाले. "खालच्या वजनात सगळा कचराच दिसणार. ऐंशीपासून मोजायला लाव."

"पण काका, मग चौऱ्याहत्तर दिसणारच नाही."

"गळती काढली की परत खाली आणू. माझ्यावर भरोसा नै का?"

हवेच्या रेघा अठ्ठावीस आणि बत्तीसला येतात, त्यासाठी ऐंशीपर्यंत चढायचं कारण नाही, हे तिला पाठ होतं. तरी तिने लावलं आणि अहवालाखाली सहीही केली. गळती काढायला कुणी आलंच नाही. ती आठवण करी, काका "हौ हौ" म्हणत. गोळ्या परदेशी गेल्या आणि तिथल्या गिऱ्हाइकाने नेमका तोच रेणू पकडला.

चौकशी बसली. सही त्रिवेणीची, म्हणजे नोकरी तिची जाणार आणि या शहरात पुन्हा कुणी तिला मशीनला हात लावू देणार नाही, एवढं उघड होतं. आदल्या दिवशी हिम्मतराव तिला म्हणाले, "उद्या त्याच गोळ्यांचा, आपण ठेवलेला राखीव नमुना तीसपासून मोजून दाखव. काही लपवू नकोस. पुढचं मी बोलतो." बसमध्ये ती मला हे सांगताना हसत होती. काका आहेत ना, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने चौकशीवाल्यांसमोर मशीन अगदी जिवापाड नीट लावलं. बेचाळीस उठली, तीस उठली, चौऱ्याहत्तर सगळ्यांत उंच. मग ती मागे सरकली आणि काकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

हिम्मतराव पडद्याशी वाकले. "इतकी स्वच्छ रेघ," ते चौकशीवाल्यांना म्हणाले, "आणि त्रिवेणी मॅडमनी मोजणी ऐंशीपासून ठेवली. मला कळवलंसुद्धा नाही."

परतीच्या बसमध्ये तिने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज सपाट होता. ती म्हणाली, मला वाटलं ते चुकून बोलले, आता सुधारतील, म्हणून मी थांबले. मग इतकंच म्हटलं, "काका, ऐंशी तुम्हीच सांगितलं होतं."

"पोरगी घाबरलीय," हिम्मतराव चौकशीवाल्यांना म्हणाले, "पाणी द्या तिला." आणि कुणी उठायच्या आत त्यांनी स्वतःच ग्लास भरून तिच्या हातात दिला.

ती ते पाणी प्याली. मला ते अजूनही पचलेलं नाही.